शून्य म्हणजे कोरी जागा नव्हे

धार आणि देवास ही नावे आपल्या कॉलेजात घेतली की इतिहासवाल्यांना पवार घराणे आठवते आणि गाण्याचा नाद असणाऱ्यांना कुमार गंधर्व. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमारजी १९४८ मध्ये क्षयाने आजारी असताना हवापालटासाठी देवासला गेले आणि १९९२ मध्ये देह ठेवीपर्यंत तिथलेच होऊन राहिले. मला मात्र देवास म्हटले की मामाचे कापडाचे दुकान आठवते. यंदा तर जरा जास्तच आठवते. कारण त्या दुकानात माझ्या हातून एक चूक झाली आणि तिच्यापायी एका सरळ माणसावर एक अख्खी रात्र चोरीचा संशय राहिला. चूक संगणकावरची होती. पण त्या जातीच्या चुका आपण सगळेच रोज सोसतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. शाळा मराठी, शेजार कानडी, अभ्यासक्रमातला संगणक टॅलीपुरता. वेब प्रोग्रॅमिंग शिकले ते बी.सी.ए.च्या एका मैत्रिणीच्या नादाने आणि फुकट मिळणाऱ्या धड्यांवरून. तेव्हा या विषयातल्या जाणकार प्राध्यापकांनी माझे ठोकळ शब्द पदरात घ्यावेत.

मामाची दुकाने दोन. देवासचे मोठे, धारचे लहान. बागच्या ठशांचे कापड, महेश्वरी साड्या, चादरी असा माल. बाग हे धार जिल्ह्यातलेच गाव, त्यामुळे छापलेले कापड आधी धारला उतरते आणि मग इंदूरवरून देवासला येते. धारचे दुकान गेली बावीस वर्षे एकच गृहस्थ सांभाळतात. आम्ही सगळे त्यांना 'धारचे काका' म्हणतो. नात्याने ते कुणीच नाहीत. मे महिन्याच्या सुट्टीत मी देवासला गेले तेव्हा मामा म्हणाला, "तू एवढं शिकलीस, तर रोज रात्री दोन्ही दुकानांचा हिशेब एका पानावर दिसेल असं काहीतरी करून दे. दिवसभर फोन करून करून कान दुखतो."

पान करायला घेतले. त्याला चार ठिकाणांहून आकडे हवे होते. देवासची विक्री देवासच्या संगणकात होती, धारची रोख विक्री धारच्या दुकानातल्या संगणकात. ग्राहक क्यूआर कोड स्कॅन करून जे पैसे देतात त्यांचा आकडा ती रक्कम गोळा करणाऱ्या कंपनीच्या संगणकावर, कुठे दूर असतो. आणि धारच्या मालाची शिल्लक काका संध्याकाळी आपल्या मोबाईलवरून एका तक्त्यात भरत. म्हणजे पान उघडले की एकाच वेळी चार विनंत्या चार दिशांना निघणार.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. घरात लग्न आहे असे समजा. तुम्ही एका मुलाला हलवायाकडे पाठवता, दुसऱ्याला मांडववाल्याकडे, तिसऱ्याला भटजींकडे, चौथ्याला स्टेशनवर. पहिला परत येईपर्यंत दुसऱ्याला दारात उभा करून ठेवत नाही. चौघेही निघतात, आणि ज्याचे काम आधी होईल तो आधी येतो. संगणकाच्या भाषेत याला असिंक्रोनस म्हणतात. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेत अशा प्रत्येक विनंतीमागे एक 'प्रॉमिस' हातात मिळते. प्रॉमिस म्हणजे वचन. आम्हा वाणिज्यवाल्यांना ही कल्पना नवी नाही. १८८१ च्या पराक्राम्य दस्तऐवज कायद्याच्या चौथ्या कलमात वचनचिठ्ठीची व्याख्या आहे, ती आम्ही पाठच केलेली असते. चिठ्ठी हातात आहे म्हणजे पैसे हातात आहेत असे नव्हे. ती प्रलंबित असते, मग एक तर फेडली जाते किंवा नाकारली जाते. संगणकातल्या प्रॉमिसच्याही नेमक्या याच तीन अवस्था आहेत. बार्बरा लिस्कोव्ह या विदुषींनी ल्यूबा श्रीरा यांच्यासह १९८८ मध्ये दूरदूरच्या संगणकांमधील कामांसाठी प्रॉमिसची मांडणी केली, आणि २०१५ मध्ये ते जावास्क्रिप्टच्या प्रमाणित भाषेत आले.

त्याच वर्षी 'प्रॉमिस डॉट ऑल' नावाची सोयही त्या भाषेत आली. चार वचने तिच्या ओटीत टाकायची. चारही फेडली गेली तर चारही उत्तरे एकत्र मिळतात. एक जरी नाकारले गेले तर ती तत्क्षणी म्हणते, काम फसले. बाकीची तीन उत्तरे आली काय, न आली काय, तिला कर्तव्य नाही. धड्यात हीच पद्धत होती, मी तीच घातली. दोन आठवडे सगळे सुरळीत चालले. मामा रात्री जेवल्यावर मोबाईल उघडून पान बघायचा आणि मामीला दाखवायचा. मीही जरा फुशारले होते.

जूनमध्ये पहिला वळीव झाला. धारला वीज कडाडली आणि दुकानातली इंटरनेटची लाईन गेली. रात्री मामाने पान उघडले तर आडवे अक्षर नाही. फक्त 'माहिती मिळाली नाही' एवढी ओळ. मामा माझ्याकडे पाहून म्हणाला, "अगं, देवासचा गल्ला माझ्या पुढ्यात आहे, मी तो आत्ता मोजलाय. आणि तुझं पान म्हणतं माहिती नाही!"

त्याचे म्हणणे बरोबर होते. धारची लाईन गेली हा देवासचा काय अपराध? आणि हे ऐकवणारे गाव देवास असावे याचे मला नंतर हसू आले. तुकोजीराव आणि जिवाजीराव या दोन पवार बंधूंनी १७२८ मध्ये वसवलेल्या या राज्याच्या पुढे दोन पात्या झाल्या, थोरली आणि धाकटी. गाव एक, राजे दोन, दप्तरे दोन. ई. एम. फॉर्स्टर हे इंग्रज कादंबरीकार १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी चिटणीस होते. 'द हिल ऑफ देवी' या १९५३ च्या पुस्तकात त्यांनी या अजब गावाचे वर्णन केले आहे. थोरल्या पातीची तिजोरी पुढे इतकी ओढगस्तीला आली की १९३३ मध्ये तिसरे तुकोजीराव गाव सोडून फ्रेंचांच्या पाँडेचेरीला निघून गेले. तिथेच १९३७ मध्ये ते वारले. पण थोरली पाती बुडत होती म्हणून धाकटी पाती बंद पडली नाही. तिचा कारभार तिच्या गतीने चालूच होता, आणि १९४८ मध्ये दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या. (थोरल्या पातीचे विक्रमसिंहराव १९४७ मध्ये दत्तक जाऊन कोल्हापूरचे छत्रपती शहाजी झाले, हे आपल्याकडच्या पुष्कळांना ठाऊक नसते.) ज्या गावाने एवढा काळ दोन कारभार वेगवेगळे राखले, तिथे मी दोन दुकानांची मोट एका दाव्याने बांधली होती.

तेव्हा दुरुस्ती करायला बसले. आणि खरी चूक इथे झाली.

जावास्क्रिप्टमध्ये नाकारलेले वचन झेलण्यासाठी 'कॅच' असते. मी प्रत्येक विनंतीमागे एक कॅच लावला आणि त्यात लिहिले की उत्तर आले नाही तर शून्य धरावे. एका ओळीचे काम. आता एक विनंती फसली तरी पान कोरे राहणार नाही, बेरीजही अडणार नाही. लाईन पुन्हा गेली असे समजून करून पाहिले. पान झकास उघडले. मामा खूश. मीही निवांत झोपले.

आपल्या कन्नड विभागातले वाचक माझे पुढचे म्हणणे मराठीवाल्यांच्या आधी समजतील. कानडीत 'इल्ल' म्हणजे नाही आणि 'गोत्तिल्ल' म्हणजे माहीत नाही. भाजीवालीला विचारले, कोथिंबीर आहे का, आणि ती 'इल्ल' म्हणाली, तर तुम्ही पुढच्या गाड्यावर जाता. 'गोत्तिल्ल' म्हणाली, तर थांबता, तिला पाटी उचलून बघू देता. त्या रात्री धार मला 'गोत्तिल्ल' म्हणत होते आणि मी मामाच्या पानावर स्वच्छ अक्षरात 'इल्ल' छापत होते.

चार दिवसांनी धारची लाईन पुन्हा गेली. पानावर आकडे आले ते असे. धार, क्यूआरने जमा: ६,२४० रुपये. धार, रोख विक्री: ० रुपये. मालाच्या तक्त्यात मात्र, जो काकांनी आपल्या मोबाईलवरून व्यवस्थित भरला होता, जवळजवळ पंचवीस हजारांचे कापड कमी झालेले. माल गेलेला, पैसे सहा हजार. माझे पान पूर्वीसारखे कोरे राहिले असते तर मामाने कपाळाला हात लावून फोन केला असता आणि विषय मिटला असता. पण ते अर्धे बरोबर होते. क्यूआरचा आकडा धारच्या लाईनवरून येतच नव्हता, म्हणून तो आला. शिल्लक मोबाईलवरून भरलेली, म्हणून तीही आली. रोख तेवढी त्या बंद लाईनच्या पलीकडे अडकली होती. अशा वेळी शून्यच सर्वांत खरे वाटते. भोवती खरे आकडे असले की खोट्याला बळ चढते.

मामाने फोन लावला. मी समोरच बसले होते.

"काका, आज रोखीत काहीच नाही?"

"आहे की. गल्ल्यात आहे."

"पानावर तर शून्य दाखवतंय."

पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग काका म्हणाले, "पानाचं मला काय कळतंय, भाऊ? मी सांगतो ना, गल्ल्यात आहेत."

"बरं. उद्या बघू," एवढेच मामा बोलला. चोर म्हणाला नाही, आवाजही चढवला नाही. पण त्या 'उद्या बघू'चा अर्थ धारला पोचायचा तो पोचला. फोन ठेवल्यावर मामीने विचारले तर मामा म्हणाला, "बावीस वर्षांत कधी झालं नाही. पण मशीन खोटं कशाला बोलेल?" हे वाक्य मी विसरलेले नाही. मशीनने खोटे बोलावे अशी व्यवस्था मीच करून ठेवली होती, आणि त्या क्षणी मलाही ते आठवले नाही. मीही काकांविषयीच विचार करीत होते.

दुसऱ्या दिवशी धारचे दुकान उघडले नाही. काका पहाटेच्या गाडीने इंदूर आणि तिथून देवास असे करीत दहाच्या सुमारास मामाच्या दुकानात आले. काखेत फडक्यात बांधलेली रोजमेळाची वही. बिल संगणकावर फाडायचे आणि वहीतही टिपायचे ही त्यांची सवय. मामा त्यांना त्यावरून नेहमी हसायचा, मीसुद्धा. काकांनी चहा नको म्हटले. वही उघडून गादीवर ठेवली, शर्टाच्या आतल्या खिशातून नोटा काढल्या आणि म्हणाले, "मोजून घ्या." देवासला बँक नोट प्रेस आहे, देशाच्या नोटा तिथे छापल्या जातात. पण मामाचे हात नोटा मोजताना असे अडखळलेले मी कधी पाहिले नव्हते. १८,४६० रुपये. वहीत १८,४६०. क्यूआरचे ६,२४० मिळवले की २४,७००, आणि माल तेवढ्याचाच गेलेला. तोपर्यंत धारची लाईनही आली होती. मी पान पुन्हा उघडले तर रोख विक्रीत १८,४६० रुपये शांतपणे बसलेले होते, जणू काल काही झालेच नाही.

मी काकांना सांगितले की चूक माझी आहे. मामाने माफी मागितली. काका "असू दे, असू दे" म्हणाले, आणि जेवायला थांबले नाहीत.

आता माझा मुद्दा मांडते. अकरावीपासून आम्हाला शिकवले आहे की तेरीज जुळली नाही तर फरक शून्य समजून पुढे जायचे नाही. तो उचंत खात्यावर न्यायचा, त्याला नाव द्यायचे, आणि उलगडा होईपर्यंत ते खाते तसेच उघडे ठेवायचे. परीक्षेत मी याची दहा मार्कांची उत्तरे लिहिली आहेत. पण संगणकासमोर बसताच मला वाटले की पान नीट दिसणे म्हणजेच पान बरोबर असणे. आणि हा आजार माझ्या एकटीचा नाही. वाचकहो, तुमच्या मोबाईलवर 'काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा' ही ओळ दिवसाकाठी किती वेळा येते? काय चुकले? चारातले काय चुकले? उरलेले तीन झाले की नाही? आपल्याला कोणी सांगत नाही, आणि आता आपणही विचारीनासे झालो आहोत.

बँकेच्या समाशोधनगृहात असे चालते का ते पाहा. शंभर चेक वटवायला गेले आणि एक परत आला, म्हणून नव्व्याण्णव परत येत नाहीत. आणि परत आलेल्या एकाची रक्कम शून्य मानून त्याला फायलीत गाडतही नाहीत. तो परत येतो तो सोबत मेमो घेऊन, आणि मेमोवर कारण असते. पुरेशी शिल्लक नाही, सही जुळत नाही, तारीख उलटली. प्रत्येक चेक आपापले भवितव्य घेऊन येतो. २०२० साली जावास्क्रिप्टमध्ये 'प्रॉमिस डॉट ऑलसेटल्ड' आले, ते नेमके हेच करते. सगळ्या वचनांचा निकाल लागेपर्यंत थांबते आणि मग एकेकाविषयी सांगते, हे फेडले गेले आणि हे त्याचे मूल्य, हे नाकारले गेले आणि हे त्याचे कारण. मी आता तेच वापरते. पण एवढ्याने कोणी निर्धास्त होऊ नये. ही पद्धत स्वतः कधी फसत नाही, त्यामुळे फसलेल्यांची यादी वाचायची की नाही हे लिहिणाऱ्याच्याच मर्जीवर राहते. यशस्वी तेवढे वेचून घेतले आणि बाकी टाकून दिले की पुन्हा माझे शून्यच झाले, जरा सुशिक्षित वेषात.

शिवाय 'फसले' कशाला म्हणायचे हाही घोळ आहे. काका गेल्यावर मी सगळे उलगडून पाहिले तेव्हा आणखी एक भोक सापडले. ब्राउझरमधली 'फेच' ही विनंती पाठवण्याची सोय फक्त संपर्कच झाला नाही, तर वचन नाकारते. पलीकडचा संगणक जागा आहे पण त्याचा प्रोग्रॅम कोलमडला आहे, आणि त्याने पाचशे क्रमांकाची चूक म्हणून उत्तर पाठवले, तर फेचच्या लेखी ते वचन फेडले गेले! हलवायाकडे पाठवलेला मुलगा परत आला म्हणजे लाडू आले असे समजण्यापैकी हा प्रकार. मुलगा आला आहे, पण सांगतो आहे की दुकानाला कुलूप आहे. म्हणून उत्तर आल्यावर ते धड आहे का हे वेगळे विचारावे लागते. धड्यांतल्या उदाहरणांत ही ओळ पुष्कळदा नसते, कारण उदाहरणात कुणाचे दुकान बंद नसते.

मग 'प्रॉमिस डॉट ऑल' वाईटच का? तसे नाही. काही कामे एकमेकांत गुंतलेलीच असतात. नावे लिहिले आणि जमा लिहिले नाही, तर अर्धी नोंद ही नोंदच नव्हे. तिथे सगळे किंवा काहीच नाही, हेच न्यायाचे. माझे म्हणणे एवढेच की ही निवड माल, पैसा आणि माणसे पाहून करायची असते, धड्यात काय छापले आहे ते पाहून नव्हे. देवासची विक्री आणि धारची विक्री या दोन पात्या आहेत. त्यांची एकूण बेरीज मात्र दोन्ही आल्याशिवाय होऊ शकत नाही, आणि नसेल होत तर बेरजेच्या जागी तसे लिहावे.

जिथे नुसते विचारायचे नसून काही घडवायचे असते, तिथे प्रकरण अधिक अवघड होते. मामाने सुट्टीच्या अखेरीला आणखी एक मागणी केली. बागच्या तीन छपाईवाल्यांना एकाच बटणाने पैसे पाठवता येतील का? मी नाही म्हटले, आणि माझ्या त्या नकाराचा मला अभिमान आहे. कारण 'ऑल'ने एक विनंती फसल्याचे सांगितले तरी उरलेल्या दोन थांबत नाहीत. त्या आपल्या वाटेने गेलेल्याच असतात, फक्त त्यांचे उत्तर कोणी ऐकत नाही. पानावर 'काम फसले' दिसेल, मामा पुन्हा बटण दाबेल, आणि दोघांना दुप्पट पैसे जातील. बरे, तिसऱ्याचे तरी नक्की फसले का? दहा सेकंदांत उत्तर आले नाही म्हणजे पैसे गेले नाहीत असे कुठे आहे? कदाचित पैसे पोचले आणि पोचपावती वाटेत हरवली. दिलेले, न दिलेले आणि ठाऊक नसलेले अशा तीन रकान्यांशिवाय हा हिशेब मांडताच येत नाही.

या तिसऱ्या रकान्याची दखल आपल्या रिझर्व्ह बँकेने घेतलेली आहे. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात तिने फसलेल्या व्यवहारांच्या मुदती ठरवून दिल्या. यूपीआयने एकाच्या खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुसऱ्याच्या खात्यात जमा झाली नाही, तर ती व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवी. दुकानदाराला देताना तसे झाले, तर पाच दिवसांपर्यंत. त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. पैसे अधांतरी लटकू शकतात हे मान्य करून त्यांच्यासाठी नियम केला, ही मला मोठी गोष्ट वाटते. अनेक प्रोग्रॅमर तेवढेही मान्य करीत नाहीत. उपायही चेकबुकातच आहे. एका चेकला एकच नंबर असतो, आणि तो चेक बँकेत दोनदा दाखवला तरी पैसे एकदाच मिळतात. तसाच प्रत्येक विनंतीला आधीच एक क्रमांक द्यावा आणि पुन्हा पाठवताना तोच ठेवावा. पलीकडचा संगणक तो ओळखून म्हणेल, हे काम मी केले आहे. ज्या दिवशी मला हे नीट जमेल त्या दिवशी मामाचे बटण करून देईन.

माझ्या बी.सी.ए.च्या मैत्रिणीला हा लेख वाचून दाखवला. ती म्हणाली, "तू उगाच भावूक होतेस. लोकांना एवढा तपशील नको असतो. प्रत्येक बारीकसारीक चूक दाखवायला लागलीस तर पानावर चुकाच दिसतील, आणि लोक त्याही वाचणार नाहीत." तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. बागच्या चादरीचे चित्र उघडले नाही, तर ते मामाला ओरडून सांगण्याची गरज नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, थोडे थोडे थांबून आपणच विचारून पाहावे, आणि चित्र नसले तर नसले. पण कुणाचे किती पैसे, कुणाचा अर्ज पोचला, कुणाची हजेरी लागली अशा प्रश्नांना 'लोकांना तपशील नको' हे उत्तर चालणार नाही. तपशील नको असणारे लोक आणि तपशिलाअभावी ज्याच्यावर बालंट येते तो माणूस, हे बहुधा वेगवेगळे असतात. पान मामासाठी होते. शिक्षा काकांना झाली. काकांनी ते पान कधी उघडूनही पाहिले नव्हते.

परत निघण्यापूर्वी मी मामाबरोबर धारला जाऊन आले. दुकानात काका नेहमीसारखे बोलले. दुपारी त्यांनीच मला लाट मशिदीपाशी नेऊन तो प्रसिद्ध लोहस्तंभ दाखवला. तीन तुकडे झालेले आहेत, तिन्ही मिळून लांबी सुमारे १३ मीटर. मग दुकानात बसून मी त्यांना नवे पान दाखवले. मुद्दाम धारची लाईन काढून ठेवली होती. देवासची विक्री दिसत होती, क्यूआरचे पैसे दिसत होते. धारच्या रोखीपुढे आकडा नव्हता. तिथे लिहिले होते, 'धारकडून उत्तर आलेले नाही. शेवटचे उत्तर दुपारी १२ वाजून ४० मिनिटांनी, तेव्हा ३,१५० रुपये.' आणि खाली, 'एकूण बेरीज अपूर्ण.'

काकांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले. "म्हणजे आता भाऊ मला फोन करून काय विचारतील?" त्यांनी विचारले.

"लाईन गेली का, असं विचारतील."

त्यांनी मान हलवली आणि पेन काढून रोजमेळाच्या वहीत दुपारचे शेवटचे बिल टिपले. वही त्यांनी बंद केलेली नाही. रोज रात्री दुकान लावण्यापूर्वी ते त्या पानाचा फोटो मामाला पाठवतात. मी आता त्यांना हसत नाही.

(बी. कॉम. द्वितीय वर्ष)